मिरवणूक आपल्या गल्लीतून जावी म्हणून

दिवाळीच्या सफाईला हात लागला की आमच्या इंदूरच्या घरात एक जुना वाद हमखास निघतो: यंदा पुढच्या भिंतीची पुताई करायची की राहू द्यायची? आतल्या खोल्यांबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. भांडण फक्त रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाचं. त्याचं कारण सांगायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागेल.

घर राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर, जुन्या वस्तीत. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि कारकून, शिलेदार, भिक्षुक अशी कितीतरी मराठी कुटुंबं इथे स्थिरावली. आमचे पूर्वज त्यांतलेच. राजवाड्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी. आमच्या घराचं रूपही, फार लहान करून, तसंच होतं. खाली दगडी जोतं, त्यावर ओटला, सागवानी खांब, दिंडी असलेला दरवाजा, चौकटीवर गणेशपट्टी आणि वर गोखडा.

ओटल्यावर भाजीवाली पाटी टेकवायची, काका पेपर वाचायचे. पितृपक्षात घरातल्या मुली माळवी मैत्रिणींबरोबर बाहेरच्या भिंतीवर शेणाची संजा काढायच्या. दिवाळीआधी चुन्यात निळीची चिमूट टाकून सफेदी, खाली गेरूचा पट्टा, कोनाड्यांत पणत्या. हे सगळं मी आजीकडून ऐकलेलं.

मी पाहिली ती भिंत मात्र करडी, पोपडे निघालेली. रस्ता रुंद होणार हे माझ्या लहानपणापासून कानावर होतं. दरवर्षी बाबा म्हणायचे, "पाडणारच आहेत, तर पैसे कशाला घालायचे?" सगळ्या गल्लीचं तेच. आत फरशी लख्ख, देवघर चकचकीत, आणि बाहेरून घरं अशी की पाहुण्याला वाटावं, इथे कुणी राहतच नाही. लोकांना वाटायचं आम्ही आळशी. खरं म्हणजे आम्ही घाबरलेले होतो.

ही भीती इंदूरला नवी नाही, हे मला पॅट्रिक गेडीस यांच्याबद्दल वाचलं तेव्हा कळलं. हे स्कॉटलंडचे, मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक, पुढे नगररचनेकडे वळलेले. तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर असताना दरबाराने त्यांना इंदूरची पाहणी करायला बोलावलं. 1917 चं वर्ष त्यांना फार वाईट गेलं. एप्रिलमध्ये मुलगा युद्धात गेला, जूनमध्ये पत्नी वारली. तरीही दाढीवाले साहेब नकाशा घेऊन आमच्या गल्ल्यांतून हिंडत होते. प्लेगचे दिवस होते. साहेब दिसला की लोक बोट दाखवून आपसात कुजबुजायचे आणि घाबरायचे. साहेब नकाशा घेऊन आला म्हणजे घर पाडलं जाणार, हा त्यांचा अनुभव होता.

गेडीस यांनी भाषण दिलं नाही. त्यांनी दिवाळीची मिरवणूक मागितली. दवंडी अशी, की मिरवणूक यंदा नेहमीच्या ठरलेल्या वाटांनी जाणार नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून सजवलेली असतील, त्या रस्त्याने जाईल. घरातला केरकचरा उचलून नेण्याची सोय फुकट. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली आणि हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत रोगराईचे राक्षस होते, प्लेगचा उंदीर होता. त्यांच्यामागून स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार, हातात नवे झाडू. लोकांना तुळशीची रोपं वाटली.

आजी तिच्या सासूबाईंकडून या दिवाळीची गोष्ट ऐकून होती. त्या तेव्हा नव्यानेच लग्न होऊन आलेल्या. घराची बोळाकडची भिंत, जिला कधी कुणी हात लावला नव्हता, तीही त्या वर्षी सफेद झाली. आणि मिरवणूक? ती आमच्या गल्लीतून गेलीच नाही! आजी हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायची.

1918 मध्ये गेडीस यांचा इंदूरवरचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. सरसकट पाडापाडी करून सरळ रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. अगदी मोडकळीला आलेलं तेवढं काढा, बाकीचं दुरुस्त करा, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, त्या दिवाळीने लोकांना आधी एवढंच पटवलं की तुमचं घर उभं राहणार आहे. एवढा भरवसा मिळाला की कुंचला माणूस स्वतःच हातात घेतो.

2017 साली, बरोबर शंभर वर्षांनी, इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्यांदा देशात पहिलं आलं. आम्हीही मिठाई वाटली. पुढे काही वर्षांनी आमच्याकडे नोटीस आली आणि घराचा पुढचा दहा फूट भाग गेला. ओटला, खांब, गोखडा, सगळं. दरवाजा आणि गणेशपट्टी तेवढी आम्ही आधीच काढून ठेवली होती. जवळजवळ दोन वर्षं घराला चेहरा नव्हता. कापलेल्या विटा आणि देवघराचा हिरवा कोनाडा रस्त्यावरून सरळ दिसायचा. आईने त्यावर जुनी साडी टांगली होती. येणारेजाणारे वर बघायचे, आणि ती आत सरकायची.

मागच्या दिवाळीला भिंत बांधून झाली. काकांना टाइल्स लावायच्या होत्या, मला ऑइल पेंट. आमच्या जुन्या गवंड्याने दोन्ही मोडून काढलं. म्हणाला, मागची भिंत चुन्याची आहे, तिला श्वास घेऊ द्या, तोंड बंद केलं तर ओल आतच राहील आणि रंग पापुद्र्यांनी सुटेल. मग चुनाच लावला, निळीची चिमूट टाकून. जुना दरवाजा नव्या भिंतीत बसवला, वर गणेशपट्टी. ओटल्याला जागा नाही, एक पायरी आहे. तिच्यावर तुळशीची कुंडी.

यंदा मुलगा म्हणाला, "बाबा, रस्ता परत रुंद करणार आहेत म्हणे." आई काही बोलली नाही. सकाळी बघतो तर चुना भिजत घातलेला.

ज्यांची जुनी घरं अजून उभी आहेत, मग ती लश्करात असोत, बडोद्यात की बेळगावात, त्यांनी एक करा. रस्त्यापलीकडे उभं राहून आपल्या घराचा समोरून एक फोटो काढून ठेवा. आमच्याकडे तो नाही. लग्नमुंजीचे अल्बम आहेत, पण त्यांत घर फक्त माणसांच्या डोक्यामागे, तुकड्या-तुकड्यांनी दिसतं.