परतणे

तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटात कढईतली भाजी परततात, आणि सोलापूरला गेलेला माणूसही संध्याकाळी परततो. क्रियापद एकच! मुळाशी संस्कृत 'वृत्', म्हणजे वळणे, फिरणे. 'परावर्तन', 'परिवर्तन' त्याच कुळातले. लॅटिन 'वेर्तेरे' हा 'वृत्'चा भाऊ, आणि इंग्रजी 'रिव्हर्ट' त्याचा वंशज.

हाच 'रिव्हर्ट' सॉफ्टवेअरच्या कामातही भेटतो. ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल ज्यावर चालतात, तो वेबआरटीसी प्रकल्प गूगलने २०११ साली खुला केला. तिथे चाचणीच्या साधनांच्या कोडमधल्या एखाद्या बदलाने बिघाड झाला, की 'रिव्हर्ट'ची नोंद पडते. जुनी नोंद पुसत नाहीत. उलटा बदल नवी नोंद म्हणून चढतो. म्हणूनच याला 'रद्द करणे' म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. 'परतवणे' म्हणावं. त्यात आधीचं जाणंही धरलेलं आहे.