झाडांचे वैद्य

अमेरिकेच्या नकाशात डेन्व्हर हे शहर शोधा. रॉकी पर्वताच्या पूर्वेला, जिथे डोंगर संपून सपाट गवताळ मुलूख सुरू होतो, तिथे ते सापडेल. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १६०० मीटर. वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम ३५ ते ४० सेंटीमीटर पाणी पडतं, म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षाही कमी. हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. अशा जागी निसर्ग गवत उगवतो, मोठी झाडं नव्हे. १८५८ साली सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी इथे वस्ती केली, तेव्हा नदीकाठच्या कॉटनवुड झाडांखेरीज सावली अशी नव्हतीच. आज तिथल्या जुन्या वस्त्यांमध्ये रस्त्यांवर झाडांच्या कमानी दिसतात. ही झाडं माणसांनी लावली आणि माणसांनीच जगवली. पण मोठं झालेलं झाड जगवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दलची समजूत गेल्या दोनशे वर्षांत पार उलटी झाली. त्याची ही हकिकत.

आधी पाण्याचं पाहू. १८६७ मध्ये साउथ प्लॅट नदीचं पाणी बऱ्याच वरच्या अंगाला वळवून, केवळ उताराच्या जोरावर एका पाटाने शहरात आणलं गेलं. या पाटाला 'सिटी डिच' म्हणत. त्यातून निघालेल्या लहान चाऱ्या रस्त्यांच्या कडेने वाहत आणि त्यांच्या काठाला झाडं लावली जात. पुढे १९०४ मध्ये रॉबर्ट स्पीअर महापौर झाले. त्यांनी नागरिकांना घरापुढे लावण्यासाठी रोपं फुकट वाटली. त्यांच्या कारकिर्दीत लाखाहून जास्त झाडं वाटली गेली, असं सांगतात. त्या काळात एल्म हे झाड फार लोकप्रिय होतं. (आपला वावळ एल्मच्याच कुळातला.)

झाडं मोठी झाली की दुखणीही येतात. डेन्व्हरमध्ये पानं गळण्याआधीच, ऑक्टोबरात, किंवा वसंतात पालवी फुटल्यावर ओला जड बर्फ पडतो. पानांवर तो साठतो आणि मोठमोठ्या फांद्या मोडतात. मोडलेली फांदी कापायची, हे सर्वांना पटतं. प्रश्न असतो तो त्या जखमेचं काय करायचं हा.

जखमेवर लेप लावायची कल्पना जुनी आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'तही झाडांच्या जखमांसाठी लेप सांगितले आहेत. युरोपात या लेपाचं मोठं प्रस्थ माजवलं ते विल्यम फोर्सिथ यांनी. (पिवळ्या फुलांचं फोर्सिथिया हे झुडूप त्यांच्याच नावाचं.) हे इंग्लंडच्या राजाच्या बागांचे प्रमुख. ताजं शेण, जुन्या इमारतींचा चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू, असा त्यांचा लेप होता. १७९१ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. आरमारी जहाजांसाठी ओकचं लाकूड हवं असल्याने पार्लमेंटने या कामात रस घेतला आणि त्यांना पैशाचं बक्षीसही दिलं. टॉमस अँड्र्यू नाइट या बागायत-शास्त्रज्ञाने लेपाच्या गुणाबद्दल जाहीर शंका घेतली होती. पण लेप टिकला.

शंभर वर्षांनी अमेरिकेत जॉन डेव्ही यांनी या कामाचा रीतसर व्यवसाय केला. ओहायो राज्यातल्या केंट गावी राहणाऱ्या या माळ्याने १९०१ मध्ये 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक काढलं. झाड हा सजीव आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं, हे लोकांच्या मनावर ठसवण्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. उपचार मात्र दंतवैद्याच्या धर्तीचे होते. ढोलीतला कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत खरवडायचा, पोकळीत सिमेंट भरायचं, वरून रंग द्यायचा. फांदी कापायची तर खोडालगत, अगदी सपाट.

हे सगळं का चुकलं, ते कळायला अलेक्स शायगो यांची करवत यावी लागली. शायगो १९५९ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यात दाखल झाले. कूज बुरशीमुळे होते, हे जर्मनीत रॉबर्ट हार्टिग यांनी १८७० च्या दशकातच दाखवलं होतं. पण ती खोडात कशी पसरते, हे खोड आडवं कापून नीट दिसत नाही. शायगो यांच्या हाती नव्याने आलेली यांत्रिक करवत होती. त्यांनी हजारो झाडं उभी चिरली आणि प्रत्येक जुन्या जखमेमागचा डाग पाहिला. डागाला ठरावीक सीमा होत्या.

आपल्याला जखम झाली की त्याच जागी नव्या पेशी तयार होतात. झाडाला हे जमत नाही. ते बिघडलेलं लाकूड दुरुस्त न करता त्याभोवती भिंती घालतं. १९७७ मध्ये शायगो यांनी अशा चार भिंतींचं चित्र मांडलं. पहिली भिंत वर-खाली असते: पाणी नेणाऱ्या वाहिन्या जखमेच्या वर आणि खाली बुजवल्या जातात. ती सर्वांत कच्ची, म्हणून कूज खोडात उभी पसरते. दुसरी वार्षिक वलयांची, ती कूज आत शिरू देत नाही. तिसरी मज्जाकिरणांची, ती बाजूला पसरू देत नाही. चौथी भिंत जखमेनंतर तयार होते. साल आणि लाकूड यांमधला वाढीचा पातळ थर, म्हणजे ऊतककर, बाहेरच्या बाजूला एक वेगळा पडदा तयार करतो. ही भिंत सर्वांत पक्की. जखमेच्या वेळी जेवढं लाकूड होतं, तेवढंच तिच्या आत अडकतं. नंतरचं नवं लाकूड सहसा सुरक्षित राहतं. गावाकडची जुनी चिंच आतून पोकळ असूनही भरभरून का फळते, याचं उत्तर यात आहे.

आता डेव्हींच्या उपचाराकडे पाहा. चांगलं लाकूड लागेपर्यंत खरवडणं म्हणजे झाडाने घातलेली भिंत फोडणं. सपाट कापण्यातही तेच. फांदीच्या बुडाशी एक फुगवटा असतो. ते खोडाचंच लाकूड. तो तासला की खोडालाच जखम होते. म्हणून फांदी फुगवट्याच्या लगत, पण बाहेरून कापायची. रंगाने कूज थांबत नाही, हेही दिसून आलं. अपवाद एखादाच: ओकचा मर रोग जिथे आहे, तिथे ताज्या जखमेवर कीटक बसू नयेत म्हणून रंग लावतात. तरीही झाडांच्या जखमांचे रंग दुकानांत विकले जातच राहिले. लेप लावला की माणसाला बरं वाटतं, झाडाला वाटो न वाटो!

झाडाची ही भिंत कधी कधी त्याच्यावरच उलटते. 'डच एल्म रोगा'त तसं होतं. (रोग डच नाही; १९२० च्या दशकात त्याचा छडा बेआ श्वार्ट्स आणि ख्रिस्तीन बाउस्मन या डच संशोधिकांनी लावला, म्हणून हे नाव.) सालीतल्या भुंगेऱ्यांबरोबर बुरशी शिरते, एल्म तिला अडवायला वाहिन्या बुजवतो आणि शेंड्याला पाणी पोचेनासं होतं. युरोपातून फर्निचरसाठी आणलेल्या ओंडक्यांतून हा रोग अमेरिकेत आला. १९३० मध्ये तो ओहायोत आढळला, १९४८ मध्ये कोलोरॅडोत. पुढच्या काळात डेन्व्हरचे असंख्य एल्म तोडावे लागले. काही रस्त्यांवर एकाच जातीची झाडं होती. तिथे सावलीच गेली. त्यांच्या जागी ॲश फार लावले गेले, आणि २०१३ मध्ये शेजारच्या बोल्डर शहरात ॲश पोखरणारा हिरवा भुंगेरा सापडला.

शेवटी पुन्हा पाण्याकडे यावं लागतं. फळ्यावर आपण झाडाची मुळं फांद्यांच्या प्रतिबिंबासारखी खोल काढतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातात. डेन्व्हरच्या कोरड्या, उन्हाच्या हिवाळ्यात हीच माती सुकते. झाड निष्पर्ण असलं तरी मुळं जिवंत असतात. ती सुकली तर परिणाम पुढच्या उन्हाळ्यात दिसतो. म्हणून तिथे ऑक्टोबर ते मार्च महिन्यातून एक-दोनदा झाडांना पाणी द्यायला सांगतात: खोडाच्या दर सेंटीमीटर व्यासामागे सुमारे १५ लिटर, म्हणजे ४० सेंटीमीटरच्या झाडाला ६०० लिटर. जमिनीवर बर्फ नसताना, तापमान ४ अंश सेल्सियसच्या वर असताना आणि रात्री गोठण्याआधी मुरेल असं, दुपारच्या आत.

चाऱ्या गेल्यावर घरापुढच्या झाडांना पाणी मिळत होतं ते हिरवळीवरच्या फवाऱ्यांचं, तेही कुणी मुद्दाम न देता. २००२ च्या दुष्काळात पाण्यावर निर्बंध आले. त्यानंतर अनेकांनी हिरवळ काढून खडी आणि कमी पाण्याची झुडपं लावायला सुरुवात केली. पाण्याच्या दृष्टीने हे योग्यच. पण हिरवळीबरोबर जुन्या झाडाचं पाणीही बंद होतं, आणि ते वाळायला तीन-चार वर्षं लागत असल्याने कारण लक्षात येत नाही. म्हणून हिरवळ काढतानाच जुन्या झाडासाठी ठिबकची वेगळी नळी घाला, बुंध्याशी नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली आणि त्याबाहेर, असं आता तिथे सांगितलं जातं.