मुलांच्या अन्ननलिकेतील इओसिनोफिल : एका निदानाचा इतिहास

इओसिनोफिल ही पांढऱ्या रक्तपेशींची एक जात. पॉल एर्लिख यांनी १८७९ साली इओसिन या रंगद्रव्याने रंगणारी पेशी म्हणून ती वेगळी ओळखली. जंत आणि दमा यांच्याशी तिचे असलेले नाते पुढे उलगडत गेले. निरोगी माणसाच्या जठरात आणि आतड्यात ती थोड्या प्रमाणात असतेच, अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र ती नसते. तरीही अन्ननलिकेतल्या इओसिनोफिलकडे वैद्यकाचे लक्ष जायला जवळजवळ शंभर वर्षे गेली. लवचीक दुर्बीण हाती आल्यावरच लहान मुलाच्या अन्ननलिकेतून अस्तराचा तुकडा काढणे ही नेहमीची तपासणी झाली.

तुकड्यांत इओसिनोफिल दिसू लागले, पण त्यांचा अर्थ लावताना गफलत झाली. हारलँड विंटर आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली असे मांडले की, अस्तरात शिरलेले इओसिनोफिल हे जठरातले आम्ल वर येऊन झालेल्या दाहाचे, म्हणजे रिफ्लक्सचे चिन्ह मानावे. थोड्या पेशींपुरते ते खरेही होते. मात्र पुढची दहा-बारा वर्षे तुकड्यात अशा पेशी चार असोत की चाळीस, निदान रिफ्लक्सचेच होत राहिले. मुलांना आम्ल कमी करणारी औषधे मिळत. त्यांनी गुण आला नाही तर काहींवर निसेन यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया होई. तीत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवतात. एवढे होऊनही काही मुलांच्या उलट्या आणि पोटदुखी थांबत नसे.

अन्ननलिकेत इओसिनोफिल मोठ्या संख्येने साचणे हा रिफ्लक्सपेक्षा वेगळा आजार असल्याचे प्रौढांमध्ये स्टीफन अ‍ॅटवुड यांनी १९९३ साली आणि स्वित्झर्लंडच्या अ‍ॅलेक्स स्ट्राउमान यांनी १९९४ साली दाखवले. मुलांच्या बाबतीत निर्णायक काम झाले ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. केव्हिन केली, ह्यू सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली रिफ्लक्सच्या उपचारांनी बरी न झालेली दहा मुले निवडली. त्यांतल्या दोघांची शस्त्रक्रियाही झालेली होती. या मुलांचे नेहमीचे अन्न किमान सहा आठवडे बंद करून त्यांना केवळ अमिनो आम्लांपासून बनवलेल्या दुधावर ठेवले. आठ मुलांची लक्षणे पूर्ण गेली, दोघांची कमी झाली, आणि तुकड्यांतले इओसिनोफिलही ओसरले. मग एकेक पदार्थ परत सुरू करताच त्रास उलटला, आणि त्यात गाईचे दूध आघाडीवर होते. दहाच मुले, तुलनेसाठी दुसरा गट नाही, तरी या अभ्यासाचे मोल फार मोठे आहे. दोष आम्लाचा नसून अन्नाच्या वावड्याचा आहे, हे त्याने दाखवून दिले.

उपचाराच्या दोन वाटा तेव्हापासून आखल्या गेल्या. पहिली पथ्याची. अमिनो आम्लांचे दूध गुणकारी, पण चवीला इतके वाईट की पुष्कळ मुलांना ते नाकातल्या नळीने द्यावे लागे. शिकागोच्या अमीर कागलवाला यांनी २००६ साली त्याऐवजी दूध, सोया, अंडी, गहू, शेंगदाणे व सुकामेवा आणि मासे-शिंपले हे सहा गट वगळून पाहिले. गुण येण्याचे प्रमाण ७४ टक्के निघाले. अमिनो आम्लांच्या दुधावर ते ८८ टक्के होते. पुढे चारच गट, किंवा नुसते दूध वगळण्याचेही प्रयोग झाले. त्वचेवरच्या ॲलर्जी-चाचण्यांवरून नेमका दोषी पदार्थ ओळखण्याची आशा मात्र फोल ठरली. हे वावडे पित्त उठवणाऱ्या तत्काळ ॲलर्जीसारखे नसते. ते सावकाश, दुसऱ्याच यंत्रणेने काम करते.

दुसरी वाट स्टिरॉइडची. पोटातून दिलेले स्टिरॉइड लागू पडते, हे फिलाडेल्फियाच्या ख्रिस लियाकुरास यांनी १९९८ साली दाखवले. पण दीर्घकाळ ते देण्यात धोका होता आणि थांबवले की आजार परतत असे. त्याच वर्षी दम्याचा पंप श्वासात न ओढता तोंडात मारून औषध गिळण्याची युक्ती पुढे आली. ज्या लहानग्यांना तेही जमत नसे त्यांच्यासाठी सॅन दिएगोच्या सीमा असेव्हस यांनी बुडेसोनाइड हे स्टिरॉइड सुक्रालोज या गोडी आणणाऱ्या पदार्थात कालवून दाट चाटण केले. ते अन्ननलिकेला चिकटून राहावे म्हणून घेतल्यावर अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही.

निदानाचा पहिला सर्वमान्य निकष २००७ साली ठरला: मोठ्या भिंगाखालच्या एका क्षेत्रात किमान १५ इओसिनोफिल, आणि आम्लरोधक औषधाने फरक न पडणे. दुसरी अट २०१८ साली काढून टाकली. काही मुलांना ती औषधे खरोखरच लागू पडत होती आणि त्यांचा आजार इतरांपेक्षा वेगळा नव्हता. म्हणून आम्लरोधक औषध चाचणीऐवजी उपचारांच्या यादीत आले. पेशी अस्तरात सगळीकडे सारख्या पसरत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या पातळ्यांवरून किमान सहा तुकडे घेण्याची रीत पडली. दुर्बिणीतून उभे चर, वर्तुळाकार वळ्या, पांढरे ठिपके दिसतात. कधी अस्तर अगदी साधेही दिसते.

लक्षणे वयाप्रमाणे बदलतात. तान्ही मुले दूध नाकारतात, शाळकरी मुलांचे पोट दुखते, किशोरांच्या घशाखाली घास अडकतो. पुष्कळ मुले नकळत या त्रासाशी जुळवून घेतात: घास फार वेळ चावतात, प्रत्येक घासाला पाणी पितात, मांस आणि पाव टाळतात. घरचे त्याला खाण्यातला नखरा समजतात, म्हणून जेवायला किती वेळ लागतो हा प्रश्न डॉक्टरांनी विचारलाच पाहिजे. वर्षानुवर्षे उपचार झाले नाहीत तर अन्ननलिका कडक आणि अरुंद होत जाते.

अमेरिकेत डुपिलुमॅब या इंजेक्शनला २०२२ साली बारा वर्षांवरील रुग्णांसाठी आणि २०२४ साली एक वर्षावरील, किमान १५ किलो वजनाच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. भूल न देता नाकातून बारीक दुर्बीण घालण्याची पद्धतही काही केंद्रांत रुळली आहे. पण लक्षणे थांबली म्हणजे दाह गेला असे नाही. अस्तराचा तुकडा पुन्हा तपासल्याशिवाय उपचार लागू पडला की नाही हे आजही खात्रीने सांगता येत नाही.