पेवांतली हिरवी वैरण

१८७९ सालचा उन्हाळा इंग्लंडांत पावसानें बुडविला. गवत कापावें तों पाऊस, वाळत घालावें तों पुन्हां पाऊस. तें कुरणांतच कुजूं लागलें. त्या देशांत हिवाळ्यांत गुरें गोठ्यांत असतात आणि वाळलेलें गवत हाच त्यांचा मोठा आधार असे. ऊन नसेल तर वैरण टिकवावी कशी, हा प्रश्न शेतकऱ्यांपुढें उभा राहिला.

त्याचें उत्तर फ्रान्समध्यें तयार होतें. सोलोन्य प्रांतांतील ऑग्युस्त गोफार यानें १८७७ सालीं आपल्या प्रयोगांचें पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. हिरवा मका बारीक कापून खड्ड्यांत दडपून भरावा व वर जड वजन ठेवावें, म्हणजे तो महिनोन्‌महिने टिकतो, असा त्याचा अनुभव होता. अशा खड्ड्यास ‘सायलो’ म्हणत. हा शब्द मूळचा धान्याच्या पेवाचा. मराठी शेतकरी पेवांत जोंधळा ठेवीत. गोफारनें ओली वैरण ठेविली.

मका इंग्लंडच्या थंड हवेस मानवत नसे. तेथील शेतकऱ्यांनीं गवत, क्लोव्हर, ओट असा चारा घेतला. १८८५ सालीं जॉर्ज फ्राय यानें ‘गोड’ मुरघासाचा पुरस्कार करणारें पुस्तक लिहिलें. ढीग सुमारें ५० अंशांपर्यंत तापूं द्यावा, म्हणजे आंबविणारे जंतु मरतील, असें त्याचें म्हणणें. तो तपकिरी, सुवासिक चारा गुरें आवडीनें खात. परंतु त्या उष्णतेनें त्यांतील प्रथिनें पचण्याजोगीं राहत नसत. ज्या आंबटपणास शत्रु मानलें, तोच खरा रक्षक होता! हवा बाहेर घालविली कीं दह्याच्या विरजणांतील जंतूंच्या जातकुळीचे जंतु चाऱ्यांतील साखरेचें आम्ल बनवितात, आणि त्या आम्लांत कुजविणाऱ्या जंतूंचें कांहीं चालत नाहीं.

१९२२ सालीं केंब्रिजच्या एमॉस व वुडमन यांनीं ओट आणि टेअर नांवाचा कडधान्यवर्गीय वेल यांच्या मिश्र पिकाच्या मुरघासांत होणाऱ्या फेरफारांचें संशोधन प्रसिद्ध केलें. अशा पिकांत खरी कसोटी कापणीच्या वेळेची. पीक पोटरींत असतांना कापलें तर चारा कोंवळा व प्रथिनयुक्त, पण पाणी फार; तो थोडा सुकवूनच भरावा लागतो. दाण्यांत चीक भरून तो हुरड्याच्या बेतास येतो, तेव्हां चाऱ्याचें वजन वाढतें. त्यापुढें थांबल्यास पोकळ काड्या ताठर होतात. कितीही तुडविलें तरी आंत हवा राहते आणि बुरशी धरते. म्हणजे विळा चालवावयाचा तो धान्य हातातोंडाशीं आलें असतांनाच! हिवाळ्यांत मुलांना दूध मिळावें, म्हणून घरच्या धान्याचा घास गाईला द्यावयाचा, हा निर्णय सोपा नव्हे.

फिनलंडचे शास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनीं तर चारा भरतांनाच त्यांत आम्ल मिसळण्याची पद्धत काढली. १९४५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें, त्यांत वैरण टिकविण्याच्या या पद्धतीचा विशेष उल्लेख होता. फ्रायनें टाळूं पाहिलेला आंबटपणा असा मानास चढला.

महाराष्ट्रांत दुष्काळाची चाहूल कडब्याच्या खचत्या गंजीवरून लागते. आज येथील अनेक गोपालक मक्याचा मुरघास प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून ठेवतात. पेव गेलें, पिशवी आली; पण वेळेवर कापणें, घट्ट दाबणें आणि हवेस वाट न देणें, हे तीन नियम गोफारच्या खड्ड्याइतकेच तेथेंही लागू आहेत.