फारकतीचा कागद

मढीच्या कानिफनाथांची यात्रा होळीला सुरू होते आणि गुढीपाडव्यापर्यंत चालते. आमच्या तिसगावाहून गड जवळच. यात्रेचे दिवस आले की पाथर्डीच्या रस्त्याला माणसांचा आणि जनावरांचा लोंढा लागतो. बाहेरच्या लोकांना मढी ठाऊक असते ती गाढवांच्या बाजारासाठी आणि रेवड्यांसाठी. परंतु तेथे आणखी एक व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या होत असे. वैदू, गोपाळ अशा भटक्या जमातींच्या जातपंचायती या यात्रेत बसत. वर्षभर गावोगाव पांगलेली माणसे येथे एकत्र येत, तेव्हा वर्षभराचे तंटेही येथेच तुटत. कुणाची बायको माहेरी बसली, कुणी सोयरीक मोडली, कुणी दुसरे घर केले, सारे काही पंचांपुढे येई. पंच दंड सांगत, दंड भरला की माणूस पुन्हा जातीत येई.

घटस्फोट हा शब्द पुस्तकी आहे. आपल्या खेड्यात काडीमोड, सोडचिठ्ठी आणि फारकत हे तीन शब्द चालतात. पैकी काडीमोड स्वतःच आपला अर्थ सांगतो. फारकत हा मात्र अरबी-फारसीतून आलेला, हिशेबाच्या दप्तरातला शब्द. सावकाराचे देणे फिटले की तो लिहून देई ती फारखत; आता तुझे-माझे येणे-देणे उरले नाही, असा कागद. तोच शब्द नवरा-बायकोच्या वाटा वेगळ्या होण्याला लागला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. नवऱ्याने सोडले, लग्नाचा खर्च परत झाला, बाईला पाट लावायला मोकळीक मिळाली, झाला हिशेब. विवाह हा जन्मोजन्मीचा संस्कार, हे शास्त्र पांढरपेशांच्या ओसरीवर. शेतावर आणि पालावर पाट लागत होते आणि मोडतही होते.

पेशवाई 1818 मध्ये बुडाली आणि हा सारा कारभार इंग्रजांच्या हाती आला. एल्फिन्स्टन साहेबाने घाई केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. 1827 च्या रेग्युलेशनमध्ये दिवाणी दाव्यांसाठी असे ठरले की सरकारचा कायदा नसेल तेथे त्या मुलखाची वहिवाट पाहावी. वहिवाट पाहायची तर आधी ती लिहून काढायला हवी. म्हणून आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमधील जातींना त्यांच्या चालीरीती विचारून एक ग्रंथ तयार केला. तोही 1827 मध्येच छापला गेला.

पुढे मुंबईला हायकोर्ट आले आणि 1862 पासून दंडसंहिता लागू झाली. नवरा जिवंत असता दुसरे लग्न केले तर तिच्या 494 कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद. मग पंचांनी मोकळी केलेल्या बाईचे काय? 1876 मध्ये शंभू रघू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात मुंबईच्या न्यायाधीशांनी सांगून टाकले की लग्न मोडल्याचे जाहीर करण्याचा किंवा बाईला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. आम्ही जातीची संमती प्रामाणिकपणे पुरेशी समजलो, हाही बचाव चालणार नाही. ज्या कागदावर गावाने पाट लावून दिला, तोच आता गुन्ह्याचा पुरावा झाला!

पंचायती फार न्यायी होत्या असे मला म्हणायचे नाही. पंच पुरुष, बोलणारे पुरुष, आणि दंडाचे जेवण जेवणारेही पुरुषच. तथापि पंचायतीचा दरवाजा बंद करताना कोर्टाने दुसरा उघडला नाही. हिंदू बाईला सर्वसाधारणपणे घटस्फोट देईल असा कायदाच नव्हता.

रखमाबाईंची हकिकत बहुतेकांना माहीत असते. अकराव्या वर्षी लग्न झाले आणि त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. नवऱ्याने दावा लावला. मार्च 1887 मध्ये हायकोर्टाने सांगितले, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करला असता. पण 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन नवऱ्याशी तडजोड झाली. राणीच्या न्यायासनाने जे दिले नाही ते अखेर जुन्या फारकतीच्याच वाटेने मिळाले. रखमाबाई पुढे विलायतेत डॉक्टर झाल्या, हे वेगळे सांगायला नको.

नंतर कायदे आले. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 मध्ये, मुंबई इलाख्यात 1947 मध्ये, आणि 1955 मध्ये साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा. या शेवटच्या कायद्याच्या 29 व्या कलमात एक लहानसे पोटकलम आहे: रूढीने मिळालेला विवाह मोडण्याचा हक्क या कायद्याने जात नाही. म्हणजे काडीमोड मेली नव्हती! मात्र ज्याला ती हवी त्याने सिद्ध करायचे की आपल्या जातीत ही रूढी जुनी, निश्चित आणि अखंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हेच पुन्हा बजावले. नुसता फारकतीचा लेख दाखवून भागत नाही. आता स्टँपपेपरवर अंगठा उठवणाऱ्या बाईला हे कोण समजावून सांगणार? तिला लिहिणारा सांगतो, झाले, तू मोकळी. पुढे दुसऱ्या घरी बिनसले आणि ती पोटगी मागायला गेली, की नव्या नवऱ्याचा वकील विचारतो, बाई, तुमचे पहिले लग्न कोणत्या कोर्टाने मोडले?

पुरुषांचे असे अडत नाही. आपल्याच राज्यातील एका खटल्यात पहिली बायको असता दुसरी केलेल्या इसमाला 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. कारण दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही, तेव्हा ते लग्नच नव्हे! उलट 1988 मध्ये महाराष्ट्रातीलच एका बाईचे लग्न रीतसर लागलेले होते, पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती. तेव्हा हे लग्न मुळातच रद्द, ती कायद्याने पत्नी नव्हे, पोटगी नाही, असा निकाल झाला. पहिल्या बायकोची तिला कल्पना नव्हती, या म्हणण्याचाही उपयोग झाला नाही. त्या वेळी या पोटगीची कमाल मर्यादा महिना पाचशे रुपये होती. एवढ्या रकमेसाठी ती दिल्लीच्या न्यायालयापर्यंत गेली आणि रिकाम्या हाताने परतली.

लेकरांबाबत कायदा अधिक मायाळू निघाला. रद्द लग्नातली मुलेही औरस ठरतात आणि आईबापांच्या मालमत्तेत त्यांना वाटा असतो. ती कुणाकडे राहावीत हे ठरवताना आधी त्यांचे हित पाहावे लागते, आणि पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडेच. पंचायतीत हा प्रश्न बहुधा बापाच्या कुळाच्या बाजूने सुटे.

1988 चा तो निकाल पंचवीस वर्षे बायकांच्या वाटेत उभा राहिला. तो थोडा बाजूला सरला तो आपल्याच नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, एका बाईमुळे. तिचे पहिले लग्न मोडलेले होते. मध्यस्थांमार्फत मागणी आली आणि 2005 मध्ये संगमनेर तालुक्यातील एका देवळात तिचे दुसरे लग्न लागले. काही महिन्यांत दुसरीच एक बाई दारात आली आणि म्हणाली, या घरची बायको मी आहे. तोवर आपली बाई गरोदर होती. ती माहेरी गेली, मुलगी झाली, मग तिने पोटगीचा अर्ज केला. नवऱ्याने नेमका 1988 चा निकाल पुढे केला: माझी पहिली बायको आहे, म्हणून हिच्याशी लग्न झालेच नाही. स्वतःच्या लबाडीचेच त्याने ढाल म्हणून भांडवल केले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. पहिले लग्न लपवून ज्याने फसवले त्याला आपल्याच फसवणुकीचा फायदा घेता येणार नाही; पोटगीपुरती ती पत्नीच.

खालच्या कोर्टाचा हुकूम त्यामुळे कायम राहिला. बाईला महिना एक हजार रुपये आणि मुलीला पाचशे. निकाल लागला तेव्हा मुलगी आठ वर्षांची होत आली होती.