पिसू, राजा आणि मोलगीचा म्हातारा

बदली झालेल्या माणसाची परीक्षा त्याच्या सामानावरून करावी, असं माझं जुनं मत आहे. शहाणा माणूस स्टोव्ह, कंदील, मच्छरदाणी आणि लोणच्याची बरणी घेऊन निघतो. 1980 साली माझी बदली मोलगीच्या शाळेत झाली, तेव्हा मीही या चारही वस्तू घेतल्या. पण एसटीच्या टपावर त्यांच्या शेजारी एक पत्र्याची ट्रंकही चढली. तिच्यात सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आणि सात रशियन तबकड्या होत्या.

“काय आहे यात?” कंडक्टरनं विचारलं.

“गाणी.”

“गाण्यांना तिकीट नाही,” तो म्हणाला, “पण ट्रंकेला पडेल.”

मोलगी हे सातपुड्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. पण नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला, त्यामुळे माझ्या हुकमावर जिल्हा धुळेच होता. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली म्हटल्यावर आमच्या धुळ्याच्या शेजाऱ्यांना वाटलं, मास्तर शनिवारी घरी येऊन सोमवारी जातील. घाट, पाऊस आणि एसटी या तिघांचं एकमत झालं तर ते शक्य होतं. तसं ते क्वचितच झालं.

आता या तबकड्या माझ्याकडे आल्या कशा, ते सांगतो. त्या काळात रशियन पुस्तकांची प्रदर्शनं गावोगाव भरत. पुस्तकं गुळगुळीत कागदाची, बांधणी भक्कम आणि किंमत अशी की मास्तरसुद्धा श्रीमंत वाटावा. अशाच एका प्रदर्शनात कोपऱ्यात तबकड्यांचा गठ्ठा होता. ‘मेलोदिया’ हे त्यांच्या सरकारी कंपनीचं नाव. वेष्टनावर काय लिहिलंय ते कळेना. पण एवढ्या स्वस्तात न कळणारी वस्तू मिळत असेल तर ती सोडू नये, हा आमच्या घराण्याचा बाणा आहे. घेतल्या.

घरी आल्यावर बायकोनं वेष्टन उलटसुलट केलं. मागं बारीक इंग्रजी अक्षरं होती. ती वाचून ती म्हणाली, “अहो, हे ‘रोमान्सेस’ काय प्रकरण आहे? पस्तिशी उलटली की तुमची!”

तिची समजूत घालायला मला आठवडा लागला. वाचकहो, तुमचा एवढा वेळ घेत नाही. रशियात ‘रोमान्स’ म्हणजे आपलं भावगीत. कवीनं कविता लिहायची, संगीतकारानं तिला चाल लावायची, आणि पियानोच्या साथीवर गायकानं ती दिवाणखान्यात बसल्यासारखी म्हणायची. ग्लिंका, दार्गोमिझ्स्की, मुसोर्गस्की, चायकोव्हस्की, रखमानिनोव्ह, सगळ्यांनी अशी गाणी केली. चायकोव्हस्कीनं तर शंभरावर केली. रखमानिनोव्हनं ऐंशीच्या वर केली, पण 1917 च्या क्रांतीनंतर त्यानं देश सोडला आणि मग पुढच्या पंचवीस वर्षांत असं एकही नवं गाणं केलं नाही. पियानो वाजवला, सिंफनी लिहिली. रोमान्स मात्र नाही. देश सुटला आणि ते पाणीच आटलं. बदलीवर गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गंमत अशी, की दिवाणखान्यातली ही गाणी तबकडीवर गायली ती मात्र ऑपेरातल्या मल्लांनी. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक. मागं सगळा वाद्यवृंद, समोर हजार-दोन हजार माणसं, आणि माईक नाही. असला आवाज दिवाणखान्यात आणायचा म्हणजे हत्तीला देवघरात बोलावून फुलं वाहायला सांगण्यासारखं. पण हे घडलं, आणि त्याला एक अगदी व्यावहारिक कारण होतं. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटं मावत, मोठी असली तर चार-साडेचार. अख्खा ऑपेरा त्यात बसवायचा तर तबकड्यांचा ढीग लागला असता. गाणं मात्र एका बाजूत चपखल बसे. आमचे खयालवाले तीन मिनिटांत रागाचं सार काढून देत, तेच कारण.

दोन्हीकडे माणूसही एकच होता. फ्रेड गैसबर्ग त्याचं नाव, ग्रामोफोन कंपनीचा नोकर. 1902 च्या एप्रिलात यानं मिलानमध्ये कारुसोचा आवाज घेतला आणि नोव्हेंबरात कलकत्त्याला येऊन गौहरजानचा. गौहरजान गाणं संपलं की स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारी. कारण तबकड्या छापायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना बाई कोण ते कळायला हवं. त्याच सुमारास याच कंपनीनं मॉस्कोत एका तरुण, धिप्पाड गायकाचा आवाज घेतला. पुढं गैसबर्गनं त्याच्या कितीतरी तबकड्या केल्या आणि दोघांचा दोस्ताना झाला. त्या गायकाचं नाव फ्योदोर शाल्यापिन.

शाल्यापिन 1873 साली कझानमध्ये जन्मला. घरची गरिबी, शिक्षण थोडं. लहानपणी चांभाराच्या हाताखाली उमेदवारी केली. आवाज खर्जाचा. आणि नट असा, की गाताना तो म्हातारा शिपाई होई, दारुडा कारकून होई, राजाही होई. 1922 साली तो रशियाबाहेर पडला तो परतलाच नाही. 1927 साली सरकारनं त्याची ‘जनतेचा कलावंत’ ही पदवी काढून घेतली. 1938 साली तो पॅरिसमध्ये वारला. 1984 साली त्याचे अवशेष मॉस्कोला नेले. म्हणजे मी मोलगीत त्याची तबकडी लावत होतो, तेव्हा त्याचीही बदली अजून रद्द झालेली नव्हती.

मोलगीतली पहिली मैफल उन्हाळ्यातली. गावात अंगणाअंगणातून कैरीच्या फोडी वाळत पडल्या होत्या. तिथला आमचूर लांबलांबच्या बाजारात जातो. संध्याकाळी खोलीबाहेर खाट टाकली, ट्रंकेवर यंत्र ठेवलं आणि सुई टेकवली. पाच मिनिटांत शाळेची पोरं जमली, मागोमाग त्यांचे बाप. आणि सगळ्यात शेवटी, काठी टेकत, जवळच्या पाड्यावरचा एक म्हातारा. तो आला तशी पोरं सरकली आणि त्याला पुढं जागा झाली. माझ्यासाठी ती कधी सरकली नव्हती.

तबकडीवर होतं मुसोर्गस्कीचं पिसूचं गाणं. हे त्यानं 1879 साली केलं. शब्द मूळचे गटेच्या ‘फाउस्ट’मधले. एका राजाजवळ एक पिसू असते. राजा शिंप्याला बोलावून तिच्यासाठी मखमली अंगरखा शिवून घेतो, तिला मंत्री करतो. मग तिचं गणगोतही दरबारात येतं. राणीला चावतात, सरदारांना चावतात, पण खाजवायची कुणाची टाप नाही! गंमत म्हणजे हे गाणं मुसोर्गस्कीनं केलं एका बाईसाठी, लिओनोव्हा नावाच्या गायिकेसाठी. पण शाल्यापिननं ते असं बळकावलं की पुढं ते त्याचंच होऊन बसलं. त्यानं ते अनेकदा मुद्रित केलं. शेवटचं 1936 साली, तोकियोत. मधेमधे तो त्यात हसतो. सुरात हसतो, खर्जात हसतो. पोटातून वर येणारं ते हसणं आहे.

मी पोरांना मराठीत गोष्ट सांगितली, आमच्या सातवीतल्या एका हुशार पोरानं ती त्यांच्या बोलीत म्हाताऱ्याला सांगितली. म्हाताऱ्यानं मान हलवली. पुन्हा लावायला सांगितलं. शाल्यापिन हसला आणि त्याच्या मागोमाग, किंचित उशिरा, म्हातारा हसला. तसंच. खालून वर.

मग तो काहीतरी म्हणाला आणि सगळी मंडळी खो खो हसायला लागली. पोरगं सांगायला तयार होईना. शेवटी म्हणालं, “गुरुजी, आजा म्हणतो, ती पिसू आमच्याकडं पण येते. जीपमधून.”

नंतर मैफली होत राहिल्या. सेल उतरायला लागले की तबकडी मंदावे. शाल्यापिनचं त्यानं फारसं बिघडत नसे. तो आणखी खर्जात जाई, एवढंच. पण रखमानिनोव्हचं ‘व्होकालीझ’ लावलं की पंचाईत. हे गाणं नेझदानोव्हा या गायिकेला अर्पण केलेलं. यात शब्दच नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच स्वर, आपल्या आकारासारखा. सुरुवातीला बाई गात, आणि संपेपर्यंत त्यांचा बुवा झालेला असे. पोरांना हा प्रयोग फार आवडे. म्हातारा मात्र चिडे. त्याला ते गाणं नीट ऐकायचं असे. “यात समजावून सांगू नका,” असं त्यानं मला एकदा बजावलं होतं. शब्दच नव्हते, त्यामुळे त्याच्यात आणि रखमानिनोव्हमध्ये दुभाषी लागत नव्हता. मीच तेवढा अडचण होतो.

एका रात्री त्यानं विचारलं, “हा हसणारा आहे कुठं?”

“वारला. चाळीसेक वर्षं झाली.”

“मग हसतो कसा?”

मी सांगितलं. यंत्र, सुई, मेण, कारखाना. ते त्याला झटकन कळलं. म्हणाला, “किती वेळ गातो?”

“तीन-चार मिनिटं.”

यावर तो पुन्हा हसला. पोरानं भाषांतर केलं, “आजा म्हणतो, तेवढ्यात आमचा गाणारा नुसता खाकरतो.”

मग मला कळलं की म्हातारा स्वतः गातो. इंदलच्या रात्री, म्हणजे तिकडच्या त्या मोठ्या पूजेत, सूर्य बुडाल्यापासून उजाडेपर्यंत. पृथ्वी कशी झाली, पाणी कुठून आलं, धान्य कुणी आणलं, ते सगळं गाण्यात, आणि गाणं सगळं डोक्यात. कागदाचा चिटोरा नाही. मी मास्तर, मला बेचाळीस पोरांच्या हजेरीलाही वही लागते.

जायला उठताना त्यानं काठी ट्रंकेवर टेकवली. “माझं पण असं ठेवता येईल?”

“येईल की!” मी म्हणालो. “टेपरेकॉर्डर आणतो धुळ्याहून. दिवाळीनंतर.”

दिवाळीनंतर टेपरेकॉर्डरवाला मेहुणा परगावी गेला होता. होळीला आणायचं ठरलं. पण होळीला सगळं मोलगी काठीच्या होळीला गेलं, मीही गेलो, रात्रभर ढोल ऐकला आणि टेप विसरलो. उन्हाळ्यात पेपर तपासायचे होते. पावसाळ्यात रस्ता खचला. कारणं सगळी खरी आहेत. मास्तरकीत एक गोष्ट शिकलो, पोरं उशिरा आली की त्यांचीही कारणं खरीच असतात.

दुसऱ्या पावसाळ्यात म्हातारा गेला. मला कळलं चार दिवसांनी, त्याच सातवीतल्या पोराकडून. ते आता आठवीत होतं. ते मला काही बोललं नाही. फक्त ट्रंकेकडे बघत होतं.

पुढं बदली झाली, पगार वाढला, तबकड्याही वाढल्या. बोरिस ख्रिस्तोफ या गायकानं मुसोर्गस्कीची सगळी, त्रेसष्ट गाणी 1955 ते 1957 च्या काळात मुद्रित केली, तीही मिळवून ऐकली. हा मनुष्य रशियन नव्हेच, बल्गेरियाचा. पण आपले अभंग घरोघरी पोचवायला नाही का गदगकडचे भीमसेन आले! विश्नेव्हस्कायाबाईंची गाणी ऐकली, साथीला पियानोवर नवरा रोस्त्रोपोविच. दोघांनी 1974 साली देश सोडला, 1978 साली सरकारनं त्यांचं नागरिकत्व काढलं आणि 1990 साली परत केलं. सरकारनं माणूस घालवला तरी तबकडी राहते, हे ऐकताना मला फार बरं वाटे. लगेच दुसरं आठवे. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाचा आवाज कुठल्याही तबकडीवर नाही; बुवा 1922 साली गेले आणि उरल्या त्या आठवणी. पण निदान बुवांच्या आठवणी लिहिणारे तरी होते.

हल्ली नातवाच्या फोनमध्ये सगळं आहे. शाल्यापिनच्या नावाची तीन अक्षरं लिहिली की पिसू हजर. त्याच फोननं तो कुत्र्याचं भुंकणंही मुद्रित करतो, माझं घोरणंही. मी त्याला काही म्हणत नाही.

परवा त्यानं माझ्यासाठी ते गाणं लावलं. शाल्यापिन हसला. शेवटचा पियानोही वाजून गेला. मी तसाच बसून होतो.

“आजोबा, संपलं गाणं,” तो म्हणाला. “आता कुणाची वाट बघताय?”