सहा तासांची चुकामूक

१५ जानेवारी १९१३. अंटार्क्टिकातल्या केप डेनिसनच्या तळावर डग्लस मॉसन या तारखेपर्यंत परतायला हवा होता. त्याला न्यायला आलेलं 'अरोरा' जहाज १३ तारखेलाच पोहोचलं होतं. मॉसन मात्र अजून शंभराहून अधिक किलोमीटर दूर होता, आणि एकटा.

१० नोव्हेंबरला निघताना ते तिघं होते: मॉसन, निनिस आणि मर्ट्‌झ. १४ डिसेंबरला निनिस बर्फाच्या भेगेत नाहीसा झाला. त्याच्यासोबत सहा चांगली कुत्री, तंबू आणि बहुतेक सगळं खाणं गेलं. उरलेली कुत्री मारून खात दोघं मागे वळले. ८ जानेवारीच्या पहाटे मर्ट्‌झही गेला. मॉसनने घसरगाडी मधोमध कापली, अर्धी टाकली आणि उरलेली ओढत चालू लागला. तळपायांची कातडी सुटून आली होती. ती तशीच जागेवर बसवून वरून मोजे चढवायचे आणि पुढचं पाऊल टाकायचं, असं ते चालणं.

१७ जानेवारी. तोही भेगेत कोसळला. गाडी वर बर्फात अडकली म्हणून चौदा फूट दोरावर लोंबकळत राहिला. चढत काठापर्यंत आला, काठ तुटला, पुन्हा खाली. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा बर्फावर नुसता पडून राहिला.

२९ जानेवारी, सकाळी ८. तळावरून शोधायला आलेल्या तिघांनी बर्फाच्या लाद्या रचून एक बुरूज उभा केला, वर काळं कापड बांधलं, आत खाण्याची पिशवी आणि चिठ्ठी ठेवली आणि ते परत निघाले. थांबून तरी कोणासाठी थांबायचं? ठरलेली तारीख उलटून दोन आठवडे झाले होते.

दुपारी २. हिमकण उडवणाऱ्या वाऱ्यात मॉसन चालतोय. जवळ किलोभरही खाणं नाही. उजवीकडे काहीतरी काळं दिसतं. तोच बुरूज! पिशवीतलं खाणं हाती लागतं, मग चिठ्ठी. तिच्यात वर्तमानपत्रासारख्या खबरा आहेत: जहाज आलंय, बाकीच्या तुकड्या सुखरूप आहेत, आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला, स्कॉट आणखी एक वर्ष राहणार आहे. (स्कॉट जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते, जगाला ते कळलं १० फेब्रुवारीला.) आणि ते तिघं सकाळी आठलाच निघाले, हेही त्यातच.

सहा तास. आदल्या रात्री दोन्ही मुक्कामांत जेमतेम आठ किलोमीटरचं अंतर असावं, असा हिशेब मॉसनने नंतर मांडला. त्या वाऱ्यात आठ किलोमीटरवरून हाक तर सोडाच, बंदुकीचा बारही ऐकू गेला नसता.

पुढचा टप्पा 'अल्लादीनची गुहा', तळाच्या वर पठारावर बर्फात खोदलेला निवारा. बुरुजापासून सदतीस किलोमीटर. आता उतार घोटीव बर्फाचा, वारा कडेने ढकलणारा, आणि बुटांना बांधायचे खिळ्यांचे सांगाडे, म्हणजे क्रॅम्पॉन, त्याने ओझं कमी करायला आधीच टाकून दिलेले. थिओडोलाइट या मोजणीच्या यंत्राच्या खोक्याची लाकडं आणि स्क्रू-खिळे वापरून त्याने नवे केले, पण ते टिकेनात. माझ्या मते जहाज हुकलं ते इथेच. पायात धड क्रॅम्पॉन असते तर या सदतीस किलोमीटरला इतके दिवस लागले नसते. अर्थात, वाटेतली मर्ट्‌झ हिमनदी ओलांडल्यावर ओझ्यातला प्रत्येक तोळा टोचत असताना आपण तरी काय केलं असतं, देव जाणे.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७. गुहा. आत संत्री आणि अननस! म्हणजे जहाज खरंच आलंय. तळ इथून नऊ किलोमीटर, तोही उतारावर.

त्यानंतर वादळ. पठारावरची थंड, जड हवा उतारावरून समुद्राकडे कोसळते. तिच्यामुळे केप डेनिसनला वाऱ्याचा वर्षभराचा सरासरी वेगच ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास भरला होता. अशा वाऱ्यात त्या पायांनी घोटीव बर्फ उतरणं म्हणजे मरणच. २ तारीख गेली, ३ गेली, ४, ५, ६, ७. तो गुहेत बसून क्रॅम्पॉन ठोकत राहिला. खाली 'अरोरा'चा कॅप्टन जॉन किंग डेव्हिसही दिवस मोजत होता. पश्चिमेला अडीचेक हजार किलोमीटरवर मोहिमेच्या दुसऱ्या तळावर फ्रँक वाइल्डसह आठ माणसं डेव्हिसच्या भरवशावर होती आणि समुद्र गोठायला लागला की तिथवर जाणं अशक्य. निघून गेल्याबद्दल डेव्हिसला दोष देणाऱ्यांनी हे आठ जीव कुठल्या पारड्यात टाकायचे तेही सांगावं.

८ फेब्रुवारी. वारा पडला. मॉसन निघाला. उतरताना क्षितिजावर एक ठिपका दिसला. मग खाडीपाशी तीन माणसं दिसली, त्यांनी हात हलवले आणि ती धावत वर आली. पहिला पोहोचला बिकर्टन. समोरचा सांगाडा नोव्हेंबरात निघालेल्या तिघांपैकी नेमका कोण, हे त्यालाही ओळखू येईना. ठिपका 'अरोरा'च होता. काही तासांपूर्वीच सुटलेला.

त्याच रात्री जहाजाला परत बोलावणारा बिनतारी संदेश गेला. जहाजावर संदेश ऐकण्याचंच यंत्र होतं, उत्तर देण्याचं नव्हतं. तरी डेव्हिस माघारी फिरला.

९ फेब्रुवारी. पुन्हा तोच वारा. होडी उतरवणं अशक्य. संध्याकाळपर्यंत वाट पाहून 'अरोरा' वाइल्डच्या माणसांकडे निघाली.

शोधासाठी मागे थांबलेल्या सहा जणांसोबत मॉसनने दुसरा हिवाळा काढला. जहाज पुन्हा आलं ते डिसेंबरात. ॲडलेडच्या धक्क्यावर त्याने पाय ठेवला तो २६ फेब्रुवारी १९१४ रोजी.